शिकाऊ समुपदेशकासमोर बसण्याआधी

‘मॅडम अजून शिकताहेत म्हणे.’ समुपदेशन कक्षाच्या दारापर्यंत आलेला विद्यार्थी कित्येकदा एवढ्या एका वाक्याने परत फिरतो. मनातलं सांगायला आधीच महिनाभर धीर गोळा केलेला असतो. त्यात समोर बसणारी व्यक्ती आपल्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी आहे, मानसशास्त्रात एम.ए. करते आहे किंवा नुकतीच करून प्रशिक्षण घेते आहे, असं कळतं. मग वाटतं, हिला काय कळणार? आणि आपल्यावरच हात बसवून घेणार असेल तर?

ही शंका चुकीची नाही. आपल्या मनावर कुणी सराव करावा असं कुणालाच वाटत नाही. पण या शंकेतून जो निष्कर्ष काढला जातो, की शिकाऊ म्हणजे कच्चा आणि कच्चा म्हणजे धोक्याचा, तो तपासून पाहायला हवा. आपल्या भागाचंच पाहा. आज नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांसाठी असलेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली सुरू झालं. नांदेडजवळच्या विष्णुपुरीचा मुख्य परिसर, लातूरचं उपकेंद्र आणि तालुक्या-तालुक्यांतली महाविद्यालयं मिळून इथे शिकणाऱ्या मुलामुलींची संख्या फार मोठी आहे. एवढ्यांना पुरतील इतके अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ इथे नाहीत. त्यामुळे शिकाऊंना नाकारून अनुभवी माणूस मिळतो असं होत नाही. बहुतेक वेळा मग कुणीच मिळत नाही.

विष्णुपुरीलाच डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. शिक्षण देणाऱ्या अशा कुठल्याही रुग्णालयात आपल्याला आधी तपासतात ते निवासी डॉक्टर, आणि तेही पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थीच असतात. तिथे आपण अडून बसत नाही, कारण त्यांच्यामागे वरिष्ठ डॉक्टर उभे आहेत हे आपल्याला माहीत असतं. समुपदेशनातही विचारायचं ते एवढंच: या व्यक्तीच्या मागे कोण उभं आहे?

व्यवस्था नीट असेल तर मागे पर्यवेक्षक असतात. कोणता विद्यार्थी कुणाकडे पाठवायचा हे ते ठरवतात. प्रशिक्षणार्थी प्रत्येक सत्राची नोंद लिहितो. पाऊण-एक तासात काय बोलणं झालं, आपण कुठे घाईने बोललो, कुठे गप्प बसायला हवं होतं, हे सगळं त्यात येतं. आठवड्याला पर्यवेक्षकाबरोबर बसून त्या नोंदी वाचल्या जातात. सत्राचं ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते आणि विद्यार्थी नाही म्हणू शकतो. जिवाला धोका, कानात आवाज ऐकू येणं, खाणंपिणं सुटणं, व्यसन हाताबाहेर जाणं असं काही दिसलं तर आठवड्याच्या बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी वरिष्ठांना कळवायचं असतं. म्हणजे एका माणसाशी बोलताना दोन माणसांचं लक्ष आपल्यावर असतं. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या अनुभवी माणसाच्या कामाकडे दर आठवड्याला असं कुणी पाहत असेलच असं नाही.

कामाकडे असं कुणी पाहत असेल तर नवखा माणूसही उपयोगी ठरतो, याचा पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यात आहे. ‘संगत’ ही संस्था १९९६ पासून तिथे काम करते. तिने मानसिक आरोग्याचं आधी कुठलंही व्यावसायिक शिक्षण नसलेली स्थानिक माणसं निवडली, त्यांना प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. समोर येणारे रुग्ण तीव्र नैराश्याचे होते. सहा ते आठ भेटींत त्यांच्याशी बोलायचं, अंथरुणाला खिळलेल्या दिवसात एकेक छोटी कृती परत आणायची, अशी पद्धत होती. हे समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या सत्रांचं ध्वनिमुद्रण ऐकत आणि त्याला गुण देत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी, या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. या भेटींशिवाय फक्त नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. माझ्या दृष्टीने यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ते एकत्र बसून ऐकणं. साधी माणसं एवढं करू शकली, कारण त्यांच्या कामाकडे सतत कुणीतरी पाहत होतं.

याच्याही आधी, १९७९ साली, अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात स्ट्रप आणि हॅडली यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरच असा प्रयोग केला होता. काहींना मुरलेल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, तर काहींना समजूतदार म्हणून निवडलेल्या प्राध्यापकांकडे. सरासरी पाहता दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली. आपुलकीने नीट ऐकणं ही उपचारातली खरी ताकद आहे, ते काही प्रास्ताविक नव्हे, हे तेव्हापासून वारंवार दिसत आलं आहे.

पण याचा अर्थ कुणीही उठून समुपदेशक व्हावं असाही नाही. दुसरा गैरसमज नेमका हाच आहे: पाटी लावली म्हणजे समुपदेशक. चार दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेली माणसं आपल्याकडे आहेत, आणि विद्यार्थ्यांनी खरी भीती बाळगायची तर ती यांची. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. त्या नोंदवहीत नाव आहे का, हे कुणालाही तपासता येतं. समुपदेशन आणि मानसशास्त्रातल्या इतर व्यावसायिकांचं नियमन व्हावं म्हणून संसदेने २०२१ साली वेगळा कायदाही केला. पर्यवेक्षक असलेला प्रशिक्षणार्थी आणि कुणालाच उत्तरदायी नसलेला ‘माइंड कोच’ यांच्यात निवड करायची वेळ आली तर मी डोळे झाकून पहिल्याकडे जाईन.

‘हे सगळं पुण्या-मुंबईच्या पोरांचं. आपल्याकडं कुणाला डिप्रेशन होतं?’ हे वाक्य गावाकडच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकू येतं. त्यांनी ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवावी. त्या पहाटे लातूर जिल्ह्यात झालेल्या किल्लारीच्या भूकंपानंतर साधारण महिन्याभराने वाचलेल्यांची एक छोटी पाहणी झाली. त्यात निम्म्याहून जास्त लोकांमध्ये मानसिक आजाराची लक्षणं आढळली, आणि ते निष्कर्ष १९९६ साली परदेशातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. म्हणजे लातूरच्या मातीतलं मनाचं दुखणं तीस वर्षांपूर्वीच नोंदवलं गेलं आहे. आपण त्याच्याकडे दुखणं म्हणून पाहत नाही, एवढंच. मुलगा म्हणतो डोकं दुखतंय, छातीत धडधडतंय, पोटात आग पडते. रक्त तपासलं जातं, ॲसिडिटीची गोळी मिळते, कुणी बाहेरचं बघायला नेतं. रक्त तपासणं योग्यच आहे. थायरॉइडचा त्रास, रक्तक्षय, जीवनसत्त्वांची कमतरता यांनीही मन खचतं. पण अहवाल ठीक आले आणि तरी दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, अभ्यास सगळंच बिघडलेलं असेल, तर त्याला ‘काही नाही झालेलं’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आकडे सांगायलाच हवेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, आणि राज्यांमध्ये हा आकडा सर्वाधिक होता. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरासाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. वसतिगृहात आणि वर्गात मदतवाहिनीचे क्रमांक ठळक लावावेत. गुणांवरून तुकड्या शक्यतो पाडू नयेत. हे निर्देश विद्यापीठाला लागू आहेत आणि लातूरच्या ट्यूशन एरियातल्या क्लासेसनाही. परीक्षांतल्या यशाच्या ‘लातूर पॅटर्न’चा अभिमान बाळगणाऱ्या शहराने हे निर्देश पाळण्यातही पहिलं यावं, असं मला मनापासून वाटतं.

‘तिथं जाऊन काय होणार, सल्लाच देणार ना? तो तर मामाही देतो.’ मामा सल्ला देतो, हे खरं. समुपदेशक बहुतेक वेळा देत नाही. समजा, कंधार तालुक्यातून आलेली बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची मुलगी आहे. पहिल्या वर्षीचे दोन विषय राहिलेत. घरून फोन आला की स्थळांचा विषय निघतो, म्हणून ती फोन घेत नाही. रात्री दोन-तीनपर्यंत जागी असते, सकाळचं प्रॅक्टिकल बुडतं, प्रॅक्टिकल बुडालं म्हणून मैत्रिणींना टाळते, मेसला उशिरा जाते किंवा जातच नाही. तिला ‘अभ्यास कर, घरच्यांशी बोल’ हे सांगायला कुणी नको आहे, ते तिलाही कळतं. पहिल्या दोन-तीन भेटींत या साखळीतली कोणती कडी आधी सैल होईल हे ती आणि समुपदेशक मिळून शोधतात. कदाचित आठवड्यातलं एकच प्रॅक्टिकल. कदाचित आईला एकच फोन, आणि त्यात काय बोलायचं याची आधी तयारी. पुढच्या भेटीत ते जमलं का, नाही जमलं तर कुठे अडलं, हे पाहायचं. काम एवढं साधं दिसतं. बळ लागतं ते पुन्हा पुन्हा, न रागावता, तिच्या वेगाने चालायला.

इथे स्थानिक प्रशिक्षणार्थीचा एक फायदाही सांगतो. देगलूर-बिलोलीकडची काही मुलं घरात तेलुगू बोलतात, उदगीर-निलंग्याकडे कन्नड कानावर असतं, तांड्यावरची मुलं गोरमाटी बोलतात, नांदेड शहरातल्या कित्येक घरांत दखनी उर्दू आहे. मोठ्या शहरातून आलेल्या तज्ज्ञाला जे उलगडून सांगावं लागतं, ते इथल्याच मुलीला एका वाक्यात कळतं.

पण याच जवळिकीतून सर्वांत मोठी भीती निघते: ‘गावभर होईल.’ म्हणून गोपनीयतेविषयी नेमकं सांगायला हवं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला. त्याच्या २३व्या कलमाने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि साध्या समुपदेशनातही हाच व्यावसायिक नियम आहे. सत्रात गेल्याची नोंद गुणपत्रिकेवर, टीसीवर किंवा चारित्र्याच्या दाखल्यावर येत नाही. समुपदेशकाशी बोलणं म्हणजे आजाराचं निदान नव्हे, त्यामुळे पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी करणाऱ्यांनी या भीतीने मागे राहू नये. प्रशिक्षणार्थी पर्यवेक्षकाशी चर्चा करतो, तीही गोपनीयतेच्या चौकटीतच, आणि हे त्याने पहिल्या भेटीत सांगायलाच हवं.

गोपनीयतेला मर्यादा आहेत, त्याही तेव्हाच सांगाव्या लागतात. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर जीव वाचवण्यासाठी गरजेपुरतं सांगितलं जातं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. अकरावी-बारावीची मुलं मोठ्या संख्येने असलेल्या लातुरात ही गोष्ट प्रत्येक समुपदेशकाला तोंडपाठ असली पाहिजे.

माझा खरा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे. काही ठिकाणी समुपदेशन कक्षाची जबाबदारी शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडेच दिली जाते. माणूस कितीही भला असो, ज्याच्या हातात अंतर्गत गुण आहेत त्याच्यासमोर विद्यार्थी मन मोकळं करणार नाही, आणि करायला लावूही नये. विभागातल्याच प्रशिक्षणार्थीलाही आपल्या वर्गमित्राचं किंवा नातेवाइकाचं समुपदेशन करता येत नाही. अशा वेळी दुसरा समुपदेशक मागायचा. त्यात कसला अपमान नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. समुपदेशक गोळ्या देत नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. गरज वाटली तर तो मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं नांदेड व लातूर दोन्हीकडे आहेत. नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांची चटक लागत नाही. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि ती स्वतःहून अचानक बंद करायची नसतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय मात्र लागू शकते. त्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत.

आणि एक गैरसमज जिवावर बेतणारा आहे: ‘आत्महत्येचं विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येईल.’ असं होत नाही. संशोधनाने हे अनेकदा तपासलं आहे. ‘तुला जगणं नकोसं वाटतं का?’ असं शांतपणे, स्पष्ट विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं उतरवायला जागा मिळते. रूममेटनेही हे विचारावं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नये आणि वरिष्ठांना किंवा डॉक्टरांना गाठावं. पोलीस केसच्या धास्तीने लपवूही नये. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी मदत द्यावी, असं २०१७च्या कायद्याचं ११५वं कलम सांगतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या भारतीय दंड संहितेतल्या, अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणाऱ्या ३०९व्या कलमासारखं सरसकट कलमच नाही. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

प्रशिक्षणार्थींच्या बाबतीत एक अडचण मात्र खरी आहे आणि ती लपवू नये. त्यांचं प्रशिक्षण वर्षाच्या शेवटी संपतं आणि ते जातात. जिच्याशी बोलायला चार महिने लागले ती एप्रिलमध्ये नसणार, हे कळल्यावर विद्यार्थ्याला पुन्हा टाकल्यासारखं वाटू शकतं. म्हणून पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: तुमचे पर्यवेक्षक कोण, आणि तुम्ही इथे कधीपर्यंत आहात? निरोपाची तयारी शेवटच्या काही सत्रांत व्हायला हवी, आणि पुढच्या समुपदेशकाची भेट जुन्याच्या उपस्थितीत घालून द्यायला हवी. तुमच्या नोंदी पुढे द्यायच्या की नाही, हेही तुम्हाला विचारूनच ठरायला हवं.