पहिला गिअर आधी ठरवा

हब-गिअरची माउंटन बाइक घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘गिअर किती?’ आठ, अकरा की चौदा? माझ्या मते या आकड्याला फारसा अर्थ नाही. डोंगरात सायकल कामाची की बिनकामाची, हे सगळ्यांत हलक्या गिअरवर, म्हणजे पहिल्यावर ठरतं. तो किती हलका असेल, हे जितकं हबच्या हातात असतं तितकंच पुढच्या आणि मागच्या दातेरी चाकांच्या हातात. ती दोन चाकं आपण निवडायची असतात. बहुतेक जण सायकलीबरोबर जी येतील ती मुकाट्याने घेतात.

नेहमीच्या गिअरच्या सायकलला मागे लहानमोठ्या दातेरी चकत्या असतात आणि डिरेलर चेनला एकीवरून दुसरीवर ढकलतो. हब-गिअरमध्ये चेन जागची हलत नाही. सगळा कारभार मागच्या चाकाच्या जाडजूड हबच्या पोटात चालतो. तो समजून घ्यायला इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरचा १९३६ सालचा एडब्ल्यू हा तीन गिअरचा हब सगळ्यांत सोपा. मधोमध आसाला पक्कं बसवलेलं २० दातांचं ‘सूर्य’चाक, त्याभोवती फिरणारी ‘ग्रह’चाकं आणि त्यांना बाहेरून वेढणारं, आतल्या बाजूने ६० दात असलेलं कडं. ग्रहांचा पिंजरा चेनने फिरवला आणि हबचं कवच कड्याला जोडलं, तर पिंजऱ्याच्या एका फेऱ्यात कडं एक अधिक वीस भागिले साठ, म्हणजे १.३३ फेरे घेतं. हा जड गिअर. उलट केलं, कड्याला चेन आणि कवचाला पिंजरा, की ०.७५. हा हलका. आणि चेनचा फेरा तसाच्या तसा कवचाला दिला, की मधला. शिमानोचा अल्फिने किंवा जर्मनीच्या रोहलॉफचा चौदा गिअरचा स्पीडहब उघडला तरी आत हीच मांडणी, एकावर एक रचलेली.

सह्याद्रीत पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. तांबडा चिखल डिरेलरच्या सांध्यांत शिरतो, हबच्या आत सहसा पोचत नाही. शिवाय चढावर अडकून थांबलात, तर उभ्या उभ्या गिअर बदलता येतो. तोटेही आहेत. रोहलॉफचा हब पावणेदोन किलोच्या घरात जातो, ते वजन मागच्या चाकातच बसतं आणि किंमत एकट्या हबचीच लाखाच्या वर.

आता हिशेब. २९ इंची चाकाला सव्वादोन इंची टायर असेल, तर चाकाचा एक फेरा साधारण २.३ मीटरचा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते हवं असेल, तर पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले हबमधल्या त्या गिअरचा आकडा, गुणिले २.३. जुनी मंडळी हेच इंचांत मोजतात. मला मीटर बरे वाटतात, कारण जमिनीवर खडूची खूण करून ते पडताळता येतात.

चालक, सायकल आणि पाठीवरची पिशवी मिळून ९० किलो धरू. रस्ता दहा टक्के चढाचा, म्हणजे शंभर मीटरमागे दहा मीटर वर. सिंहगडाच्या गाडीरस्त्यावर असे तुकडे शोधावे लागत नाहीत. चालकाची ताकद दीडशे वॅट, म्हणजे नियमित सायकल चालवणारा माणूस जी बराच वेळ टिकवू शकतो ती. खडबडीत वाटेचं घर्षण धरून वेग येतो ताशी जेमतेम सव्वापाच किलोमीटर. या वेगाला मिनिटाला ६० फेरे मारायचे, तर एका फेऱ्यात सायकल दीड मीटरच पुढे जायला हवी. दीड मीटर! एवढा एकच आकडा घेऊन दुकानात जा, बाकीची जाहिरात ऐकली नाही तरी चालेल.

अल्फिनेच्या आठ गिअरच्या हबमध्ये पहिल्या गिअरचा आकडा ०.५२७. शिमानो पुढच्या-मागच्या दातांचं प्रमाण दोनच्या आसपास ठेवायला सांगते. दोन गुणिले ०.५२७ गुणिले २.३, उत्तर २.४ मीटर. म्हणजे त्याच चढावर पाय मिनिटाला ३७ वेळा फिरणार. ते सायकल चालवणं राहत नाही, जिना चढणं होतं आणि त्याची किंमत गुडघे मोजतात. मग अकरा गिअरचा अल्फिने घ्यावा का? गंमत अशी, की त्याचाही पहिला गिअर ०.५२७ च आहे. वाढीव टप्पा मिळतो तो वरच्या टोकाला, जिथे डोंगरातल्या माणसाचं काही काम नसतं. शिवाय पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना एकदम २९ टक्क्यांची उडी. शहरात, सपाटीवर, किरकोळ चढउतारांवर अल्फिने उत्तम. घाटासाठी मी तो सुचवणार नाही.

मग मागचं दातेरी चाक खूप मोठं आणि पुढचं अगदी लहान का घेऊ नये? कारण हब मोडेल. ८० किलोचा माणूस १७० मिलिमीटरच्या क्रँकवर उभा राहिला, की क्रँकवर सुमारे १३३ न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. दातांचं प्रमाण २.२५ असेल तर त्यातले ५९ हबमध्ये शिरतात, आणि प्रमाण १.३ वर आणलं तर शंभराच्या वर. आतली ग्रहचाकं बोटाच्या पेरांएवढी, त्यांना हे पेलत नाही. म्हणूनच रोहलॉफ शंभर किलोच्या आतल्या चालकाला १.९ च्या आसपासपर्यंतच खाली जाऊ देते, आणि त्याहून वजनदार माणसाला २.५ ची मर्यादा घालते. या हबमध्ये प्लास्टिकच्या पिनाही मुद्दाम ठेवल्या आहेत. भार फारच झाला तर आधी त्या तुटतात, गिअर वाचतात.

रोहलॉफचा पहिला गिअर ०.२७९ आहे, आणि खरा फरक इथेच पडतो. पुढे ३६ आणि मागे १६ दात घेतले, तर पहिल्या गिअरला १.४४ मीटर. माझी निवड ३६ आणि १७. त्यात १.३६ मीटर मिळतात, म्हणजे थकलेल्या संध्याकाळसाठी थोडी शिल्लक. ज्यांच्याकडे बारा गिअरची माउंटन बाइक आहे त्यांनी ताडून पाहावं. पुढे ३२ आणि मागे ५१ दातांची सगळ्यांत मोठी चकती असेल, तर तुमचा सगळ्यांत हलका गिअरही १.४४ मीटरचाच. १० ते ५१ दातांच्या त्या चकत्यांचा पल्ला, म्हणजे सगळ्यांत जड गिअर सगळ्यांत हलक्याच्या किती पट ते, ५१० टक्के, रोहलॉफचा ५२६. दोन्ही गोष्टी एकाच डोंगरासाठी केलेल्या आहेत.

वरच्या टोकाचं काय, असं विचारणारे भेटतातच. ३६-१७ ला चौदाव्या गिअरमध्ये एका फेऱ्यात ७.१५ मीटर. मिनिटाला ९० फेरे मारले तर ताशी साडेअडतीस. त्यापुढे उतारावर पाय स्थिर ठेवावेत. दगडगोट्यांच्या वाटेवर तसंही त्याहून जोरात जाणारा माणूस पायडल मारत नसतो, ब्रेक शोधत असतो.

आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. रोहलॉफचे पहिले सात गिअर आतल्या एका जादा टप्प्यातून जातात, त्यामुळे तिथे घरघर जास्त, सातव्यात सगळ्यांत जास्त. सात आणि आठच्या मधे पायांवर जोर ठेवून गिअर बदलला, तर क्षणभर चौदावा लागतो आणि पाय भिंतीला थडकल्यासारखे थांबतात. ३६-१७ ला ही सीमा ताशी बाराच्या आसपास येते, नेमकी पायवाटेवरच्या वेगाला. दातांची निवड बदलून ती फार हलत नाही. तेव्हा बदलताना निमिषभर पाय सैल सोडायची सवय लावून घ्यावी लागते. लागतेही लवकर.

उरलं ते खर्चाचं. मागचं दातेरी चाक हबच्या किमतीपुढे किरकोळ आहे आणि नंतरही बदलता येतं. एकदोन दातांचा फरक असेल तर चेन थोडी लांब-आखूड करायची, किंवा चाक मागेपुढे सरकवायचं. तेव्हा हब मागवण्याआधी आपल्या नेहमीच्या घाटातल्या सगळ्यांत खड्या तुकड्यावर वेग बघा, अर्धा मिनिट पाय मोजा आणि मीटर काढा. मग पुढच्या-मागच्या दातांचे आकडे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.