मोजा, लिहा, मगच कुऱ्हाड लावू द्या



उन्हाळा लागला की महीकाठच्या गावांतून लाकडाचे व्यापारी फिरू लागतात. दुपारची वेळ असते. नंदेसरीत घरची कर्ती माणसे कारखान्यात पाळीवर नाहीतर शेतात गेलेली. घरी म्हातारी आई, किंवा एकटी सून. दारात टेम्पो उभा राहतो. "मावशी, तुमचा मोह वाळलाय. पावसाळ्यात घरावर पडेल. आज माणसे बरोबर आहेत, तोडून नेतो. तुम्हाला खर्च काही नाही, वर हे पाचशे रुपये ठेवा." संध्याकाळी घरधनी येतो तेव्हा बुंधा गेलेला असतो, फांद्या अंगणभर पडलेल्या असतात आणि खुंट जमिनीत तसाच असतो.

सगळेच व्यापारी असे नसतात. पण जो फसवणारा असतो तो तीन गोष्टींवर जगतो: आपली घाई, आपली भीती आणि आपल्या झाडाची किंमत आपल्याला ठाऊक नसणे. या तिन्हींवर उपाय आहे व तो फुकट आहे.

झाड खरेच वाळले आहे का?

मोहाची पाने फाल्गुन-चैत्रात गळतात आणि उघड्या फांद्यांवर फुले येतात. सागही उन्हाळ्यात बोडका दिसतो. अशा झाडाला 'मेलेले' म्हणणे ही जुनी युक्ती आहे. नखाने किंवा चाकूच्या टोकाने कोवळ्या फांदीची साल खरवडून पाहावी. आत हिरवे व ओले दिसले तर झाड जिवंत आहे. तीन-चार फांद्यांवर पाहावे, एकीवर नव्हे. कडुलिंबाचे शेंडे करपले म्हणूनही लगेच घाबरू नये. २०२१ साली तेलंगणात बुरशीमुळे असंख्य कडुलिंब तपकिरी पडले होते. त्यांतले पुष्कळ पुढे पुन्हा फुटले. एक पावसाळा वाट पाहिल्याने सहसा नुकसान होत नाही. मात्र बुंधा पोकळ असेल, मुळाशी माती उकलली असेल किंवा झाड नव्याने घराकडे कलले असेल, तर उशीर करू नये.

लाकूड किती आहे?

गोल ओंडक्याचे घनफूट काढण्याची व्यापारातली रीत सोपी आहे. ओंडक्याच्या मध्यावर दोरीने घेर मोजावा. घेराचे इंच भागिले चार करावे. आलेल्या आकड्याला त्याच आकड्याने गुणावे, मग लांबीच्या फुटांनी गुणावे आणि १४४ ने भागावे.

समजा घेर ६० इंच व लांबी १० फूट आहे. ६० चा चौथा हिस्सा १५. पंधरा गुणिले पंधरा २२५. दहाने गुणून २,२५०. १४४ ने भागून सुमारे साडेपंधरा घनफूट. आता व्यापाऱ्याने दोरी आवळून, किंवा शेंड्याकडच्या बारीक टोकाला धरून, घेर ५४ इंच सांगितला तर हिशेब साडेबारा घनफुटांवर येतो. सहा इंचांत तीन घनफूट लाकूड गेले!

शिवाय या रीतीत मुळातच खऱ्या लाकडापेक्षा सुमारे पाचवा हिस्सा कमी धरला जातो. म्हणून 'सालीची घट', 'कापणीची घट' असे म्हणून कोणी पुन्हा वजावट मागू लागला तर लगेच मान डोलवू नये. जळाऊ लाकूड वजनावर विकायचे असेल तर तोडले त्याच दिवशी वजनकाट्यावर न्यावे. ओले लाकूड पडून राहिले की रोज हलके होते. दराची चौकशी बडोद्याच्या निदान दोन वखारींत करावी. उक्ता सौदा करायचा असला तरी आधी मोजून घ्यावे.

परवानगी कोणाची?

"कागदपत्रे आमच्याकडे, तुम्ही काळजी करू नका," हे वाक्य ऐकले की काळजी करायला लागावे. गुजरातेत साग, शिसव, खैर, चंदन आणि मोह ही झाडे खाजगी जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ज्यांची जमीन महाराष्ट्रात आहे त्यांनी तेथील १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा ध्यानात ठेवावा. त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही घरची झाडेही आहेत. व्यापारी टेम्पो घेऊन निघून जातो. चौकशी येते ती सातबारावरच्या नावाकडे. म्हणून तलाठ्याला व वन खात्याच्या कार्यालयात आपण स्वतः जाऊन विचारावे आणि परवानगीचा कागद हातात आल्यावरच दिवस ठरवावा. झाड बांधावर असेल तर शेजाऱ्याची संमती घ्यावी. विजेच्या तारा जवळ असतील तर वीज कंपनीला आधी कळवून, प्रवाह बंद झाल्याची खात्री झाल्यावरच काम सुरू करू द्यावे.

कागदावर काय लिहावे?

साध्या वहीचे पान पुरते. त्यावर पुढील गोष्टी असाव्यात:

१. कोणते झाड, किती घेराचे आणि कोठे उभे आहे.
२. एकूण रक्कम, आणि ती कोणी कोणाला द्यायची.
३. फांद्या, पाला व खुंट कोण काढणार.
४. घर, कुंपण, विहीर किंवा शेजाऱ्याचे नुकसान झाले, मजुराला इजा झाली, तर जबाबदारी कोणाची.
५. दोघांच्या सह्या, पत्ता, गाडीचा क्रमांक आणि दोन साक्षीदार.

आपण मजुरी देऊन झाड उतरवून घेत असाल तर विसार थोडाच द्यावा व उरलेली रक्कम अंगण साफ झाल्यावर द्यावी. अर्धे झाड उतरवून 'आणखी दोन हजार द्या, नाहीतर असेच ठेवतो' म्हणणारेही असतात. आपण झाड विकत असाल तर उलटे करावे: ओंडका गाडीत चढण्यापूर्वी पूर्ण पैसे मोजून घ्यावेत.

औषधवाल्यांविषयी

आंब्याच्या बुंध्याला भोके पाडून रंगीत पाणी ओतणारे 'झाडांचे डॉक्टर'ही येतात. बाटलीवर नाव, घटक व मुदत छापलेली नसेल तर ते औषध झाडाला लावू देऊ नये. खोडकिड्याच्या भोकातून भुसा पडत असेल तर तारेने अळी ओढून काढावी, रॉकेलमध्ये भिजवलेला कापूस आत सारावा व भोक मातीने लिंपावे. छाटलेल्या फांदीच्या जखमेवर बोर्डो मलम लावावे: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद व चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत; भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे नको. याहून मोठा रोग वाटला तर मही ओलांडली की आणंद आहे. तेथील कृषी विद्यापीठात रोगट फांदी घेऊन जावे.

शेवटी, घरातल्या म्हाताऱ्यांना व सुनांना एकच वाक्य शिकवून ठेवावे: "घरची माणसे संध्याकाळी येतील, तेव्हा या." प्रामाणिक व्यापारी संध्याकाळी येतो. न आल्यास समजावे की झाडही वाचले आणि पैसेही. आणि रविवारच्या मिस्सानंतर अंगणात भेटाल तेव्हा कोणता व्यापारी सरळ वागला, कोणी दोरी आवळली, हे एकमेकांना सांगत जावे. चाळीस वर्षांचे झाड तासाभरात पडते. ते पुन्हा उभे करायला नातवंडांची वाट पाहावी लागते.