निर्विष पाळणाघर

काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत कर्मचारी स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघर काढावयाचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. उद्घाटनाची तारीख आधीच ठरून गेली होती. म्हणून आम्ही घाईघाईने तळमजल्यावरची एक खोली रिकामी केली, भिंतींना झगझगीत तैलरंग दिला, प्लायवूडची नवी कपाटे आणली आणि जमिनीवर रंगीबेरंगी प्लास्टिकच्या चटया अंथरल्या. सर्वांनी तोंडभरून कौतुक केले. चौथ्या दिवशी मुलांना सांभाळणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या नि म्हणाल्या, "साहेब, तुम्ही एकदा दारं लावून तासभर आत बसून बघा." मी बसलो. अर्ध्या तासात डोके जड झाले, डोळे चुरचुरू लागले. बाहेर येताना मनात एकच विचार होता : जी खोली मला तासभर सोसवत नाही, ती आठ तास मुलांनी सोसावी अशी व्यवस्था मी स्वतःच्या सहीने केली होती.

पाळणाघर निवडताना आपण जागेची टापटीप पाहतो, फी विचारतो, वेळ जुळते का ते पाहतो. तेथील हवा, रंग आणि धूळ यांविषयी मात्र सहसा विचारीत नाही. वास्तविक लहान मूल म्हणजे प्रौढ माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. आपण मिनिटाला बारा ते अठरा वेळा श्वास घेतो. तान्हे मूल तीस वेळा किंवा त्याहूनही अधिक घेते. ते जमिनीलगत रांगते आणि हाती लागेल ते तोंडात घालते. त्यामुळे ज्या धुळीची आपल्याला जाणीवही नसते, तिचा मोठा वाटा त्याच्या पोटात आणि फुप्फुसांत जातो.

यांतले सर्वांत घातक द्रव्य म्हणजे शिसे. पोटात गेलेल्या शिशापैकी जितका अंश प्रौढाच्या शरीरात शोषला जातो, त्याच्या चौपट-पाचपट अंश लहान मुलाच्या शरीरात शोषला जाऊ शकतो; आणि ते वाढत्या मेंदूवर आघात करते. शिशाची निर्धोक अशी कोणतीही मात्रा आढळलेली नाही. आपल्या देशात २०१६ साली झालेल्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले आणि ते नियम नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. परंतु त्याआधी रंगविलेली दारे, खिडक्यांचे गज आणि पाळणे आजही आपल्या भोवती आहेत. अशा जुन्या रंगाचे पोपडे सुटत असतील तर ते कोरडे खरवडू नयेत. त्याने विष धुळीच्या रूपाने खोलीभर पसरते. मुले बाहेर असताना पृष्ठभाग ओला करून ते काम करावे आणि खोली ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

नवा रंग देणे असेल तर भिंतींना चुन्याची सफेदी स्वस्त आणि चांगली. मात्र ओला चुना डोळ्यांना भाजतो, तेव्हा तो पूर्ण वाळेपर्यंत मुलांना आत आणू नये. तैलरंग टाळता येत नसेल तर काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवून मगच खोली वापरावी. वास आहे तोवर ती खोली मुलांची नव्हे, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तरी पुरे.

खेळण्यांच्या बाबतीत १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. कर्नाटकातील चन्नपट्टण किंवा आंध्रातील एटिकोप्पाका येथील लाखेची लाकडी खेळणी नामांकित आहेत. तीही घेताना रंग वनस्पतिजन्य आहेत ना, हे विचारून घ्यावे. शिवाय खेळणी विकतच घ्यावी लागतात असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे शिंपले, पाने, बिया आणि माती यांतूनच बालशिक्षणाची साधने उभी केली. शाळा वस्तीच्या अंगणात नेण्याच्या त्यांच्या प्रयोगातून आलेला 'अंगणवाडी' हा शब्द १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेला.

परंतु नैसर्गिक ते सारे निर्धोक, हा समजही बरा नव्हे. गुंज, एरंडाची बी, धोतरा आणि पिवळ्या कण्हेरीची बिट्टी ही सारी विषारी आहेत. पाळणाघराच्या कुंपणाला कण्हेर असेल तर ती काढावी. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती घशात अडकेल अशी कोणतीच बी देऊ नये.

पाळणाघर चालविणाऱ्यांनी रोजच्या काही गोष्टी पाळाव्यात. पादत्राणे बाहेर ठेवावीत. कोरड्या झाडूपेक्षा ओल्या फडक्यावर भर द्यावा. खाण्यापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत. मच्छर-अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी वापरावी आणि साचलेले पाणी ओतून टाकावे. कपड्यांत डांबराच्या गोळ्या घालू नयेत. काही अर्भकांत त्यांच्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. फिनेल, रॉकेल आणि औषधे कुलुपात, उंचावर ठेवावीत. ती सरबताच्या जुन्या बाटलीत तर कधीच भरू नयेत. जुन्या मऊ लुगड्यांचे लंगोट धुऊन कडक उन्हात वाळवावेत. केरकचरा व पालापाचोळा जाळू नये. भाजीची देठे नि साली खड्ड्यात कुजवाव्यात, त्याचे खत परसातल्या पालेभाजीला होते. आहारात नाचणी आणि हिरव्या भाज्या असाव्यात, कारण शरीरात लोह व चुना कमी असला की शिसे अधिक शोषले जाते.

आईबापांनी तरी काय पाहावे? आत शिरताच वास येतो का; खिडक्या उघडतात का; मुले झोपतात तेथील भिंत कशी आहे; फिनेल कोठे ठेवतात; आणि न कळविता आलेल्या पालकाला आत येऊ देतात का. हे पाच प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही. ज्यांना राग येणार नाही, त्यांच्या हाती मूल सोपविण्यास हरकत नाही.

१९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरील मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली. २०१७ च्या कायदेदुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. जागा मिळण्याचा हक्क असा हळूहळू मान्य होत आहे. ती जागा निर्विष असावी, हे पाहणे आता आपल्याकडे आहे.

आमचे ते पाळणाघर आम्ही महिनाभर वरच्या मजल्यावरील सभागृहात हलविले. सभा व्हरांड्यात झाल्या, त्याबद्दल थोडी कुरकुरही झाली. खालची खोली उघड्या खिडक्यांनी महिनाभर वारा खात राहिली. मग पुन्हा दारे लावून त्या बाई आणि मी आत तासभर बसलो. बाईंनी मान डोलावली, तेव्हाच मुले परत आली. उद्घाटनाच्या आधी मी एवढेच करावयास हवे होते.