खोक्यावरचं नाव

आमच्या कोसाडला, खानदेशातून सुरतेला आलेल्या मराठी घरांत, सुट्टी लागली की ‘व्यापार’चा पट पसरतो. खोक्यावर कंपनीचं नाव असतं, खेळ रचणाऱ्याचं नसतं. या पटाचं मूळ अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी यांच्या ‘लँडलॉर्ड्स गेम’मध्ये आहे. जमीनदार भाडेकरूंना कसे पिळतात हे दाखवायला त्यांनी तो रचला आणि १९०४ मध्ये पेटंट मिळवलं. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने त्यांच्याकडून या खेळाचे हक्क ५०० डॉलरना घेतले. त्यातूनच आलेल्या ‘मोनोपॉली’चा जनक म्हणून गाजले मात्र चार्ल्स डॅरो. हा सरळ अन्याय होता.

पुढे अनेक दशकं खेळ रचणारे पडद्याआडच राहिले. १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळणी मेळ्यात १३ जणांनी बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर सह्या केल्या: खोक्यावर आमचं नाव नसेल, तर कंपनीला खेळ मिळणार नाही.

त्याच वर्षी क्लाउस टॉइबर यांच्या ‘बार्बारोसा’ला जर्मनीतला ‘वर्षातला खेळ’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. टॉइबर दातांच्या कवळ्या, कॅप बनवणारे तंत्रज्ञ. स्वतःची लॅब होती. त्या धंद्यात जीव रमेना, म्हणून तळघरात बसून ते खेळ रचत. नवा डाव आधी बायकामुलांसमोर मांडायचा, कुणी कंटाळलं की पुन्हा खाली जाऊन दुरुस्त करायचा. १९९० आणि १९९१ मध्येही तोच पुरस्कार मिळाला, तरी लॅब सुटली नाही. नुसत्या मानावर घर चालत नाही.

१९९५ मध्ये टॉइबर यांचा ‘कटान’ आला. षटकोनी तुकड्यांचं बेट, त्यावर लाकूड, विटा, धान्य, लोकर यांची देवघेव. ‘व्यापार’मध्ये दिवाळं निघालेलं पोर कोपऱ्यात बसून राहतं. इथे शेवटपर्यंत कुणी बाद होत नाही, आणि फासे दुसऱ्याने टाकले तरी आपल्या हाती माल येऊ शकतो. मला यातच त्यांची खरी कारागिरी दिसते. त्या दशकाच्या अखेरीस टॉइबर यांनी लॅब सोडली आणि पूर्णवेळ खेळच रचू लागले. १ एप्रिल २०२३ रोजी, सत्तराव्या वर्षी ते गेले, तोवर ‘कटान’च्या चार कोटींवर प्रती खपल्या होत्या. गिडो आणि बेंजामिन ही मुलंही याच कामात आली.

तुमच्या घरातल्या पोराने वहीच्या पुठ्ठ्यावर नवा डाव आखला, तर तो त्याच्यासोबत खेळा, कुठे कंटाळा आला ते खरं सांगा, आणि पुठ्ठ्यावर त्याचं नाव घालायला लावा.