गोळ्या आजोबांच्या उशाशी नकोत

फवारणीचं औषध आपण कुलपात ठेवतो. मग स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या उशाशी का? ते गोळी घेतल्याचं विसरून पुन्हा घेतात, नाहीतर गोळी घेऊन जेवायचं विसरतात. इन्सुलिन व काही गोळ्यांमुळे अशा वेळी रक्तातली साखर एकदम उतरते. घाम, थरथर, असंबद्ध बडबड, सुस्ती दिसली की घरचे म्हणतात, "म्हातारपणच ते!" इथेच घात होतो.

लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र नसेल पण शंका असेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. सुधारल्यावर जेवू घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका; १०८ ला फोन करा.

औषधाची जबाबदारी एकाच माणसाकडे ठेवा. ताट समोर आल्यावरच औषध द्या, कॅलेंडरवर खूण करा. सुगीत सगळे रानात जाणार असाल, तर घरी कोण थांबणार हे आदल्या रात्रीच ठरवा. अशा रुग्णाची साखर फार कडक धरण्याची गरज नसते. डोस कमी होईल का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने मात्र बंद करू नका.