महानगरपालिकेची हद्दवाढ : पुणे परिसरातील समाविष्ट गावांचा अनुभव

प्रस्तावना

शहराच्या वेशीवरील गावांत वस्ती आधी वाढते आणि प्रशासनाची सीमा मागाहून सरकते. मधल्या काळात शहरी स्वरूपाच्या वस्तीचा भार ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या यंत्रणेवर पडतो. हद्दवाढ हा त्यावरील रूढ उपाय होय. मात्र गाव शहरात येताना कर, सेवा व प्रतिनिधित्व यांत एकाच वेळी बदल होतो काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायदेशीर चौकट

७४ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद २४३ थ नुसार संक्रमणशील क्षेत्रासाठी नगरपंचायत, लहान नागरी क्षेत्रासाठी नगरपरिषद व मोठ्या नागरी क्षेत्रासाठी महानगरपालिका अशी रचना आहे. क्षेत्राचा प्रकार ठरविताना लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनाचा महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण व आर्थिक महत्त्व हे निकष पाहावयाचे असतात.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ३ अन्वये हद्द बदलण्याचा अधिकार राज्य शासनाचा आहे. शासन महानगरपालिकेशी विचारविनिमय करते, प्रारूप अधिसूचना काढते, हरकती व सूचना मागविते आणि त्यानंतर अंतिम अधिसूचना प्रसिद्ध करते. गावकऱ्यांना हरकत नोंदविता येते. परंतु समावेशासाठी त्यांच्या मतदानाची तरतूद नाही.

पुण्याचा अनुभव

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत १९९७ मध्ये ३८ गावे घेण्यात आली. स्थानिक विरोधानंतर २००१ मध्ये त्यांपैकी १५ गावे पूर्णतः व ५ गावे अंशतः वगळण्यात आली. पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि ३० जून २०२१ रोजी २३ गावांचा समावेश झाला. क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरहून अधिक झाल्याने पुणे महानगरपालिका बृहन्मुंबईपेक्षाही विस्तीर्ण ठरली.

या विस्तारातून तीन विसंगती पुढे आल्या. पहिली कराची. अधिनियमाच्या कलम १२९-अ नुसार समाविष्ट क्षेत्रात प्रथम जुन्या दराने मालमत्ता कर घेतला जातो व नंतर वर्षागणिक २० टक्क्यांच्या टप्प्याने तो महानगरपालिकेच्या दरापर्यंत नेला जातो. करवाढीचे वेळापत्रक असे निश्चित असले, तरी पाणी, मलनिःसारण व रस्ते यांसाठी तसे वर्षवार वेळापत्रक या कलमात नाही.

दुसरी विसंगती नियोजनाची. २०२१ च्या २३ गावांसाठी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. त्यामुळे नागरी सेवांची जबाबदारी एका संस्थेकडे, तर बांधकाम परवानगी व त्यातून मिळणारे शुल्क दुसरीकडे अशी विभागणी झाली.

तिसरी विसंगती प्रतिनिधित्वाची. समावेशाबरोबर ग्रामपंचायत संपुष्टात आली. मार्च २०२२ मध्ये महानगरपालिकेची मुदत संपून प्रशासकीय राजवट आली आणि पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. सरपंच नाही आणि नगरसेवकही नाही, अशा स्थितीत या २३ गावांनी साडेचार वर्षे काढली.

फुरसुंगी व उरुळी देवाची

शहराच्या कचऱ्याचा भार अनेक वर्षे सोसलेल्या उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांचे उदाहरण बोलके आहे. २०१७ मध्ये ती महानगरपालिकेत आली. वाढलेला कर व अपुऱ्या सुविधा यांविषयी नाराजी वाढली. डिसेंबर २०२२ मध्ये ती वगळण्याचा निर्णय जाहीर झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दोन्ही गावांच्या स्वतंत्र नगरपरिषदेची अंतिम अधिसूचना निघाली. सात वर्षांत या गावांनी ग्रामपंचायत, महानगरपालिका व नगरपरिषद अशा तीन व्यवस्था पाहिल्या. प्रत्येक बदलाबरोबर दप्तर, कर्मचारी, करनोंदी व अपूर्ण कामे यांचे हस्तांतरण आलेच. स्वतंत्र नगरपरिषदेमुळे निर्णय जवळ आला. तथापि पाणीपुरवठ्यासारख्या खर्चिक योजनांसाठी लहान संस्थेचे उत्पन्न कितपत पुरेल, हा प्रश्न उरतोच.

निष्कर्ष

हद्दवाढीला होणारा विरोध म्हणजे शहरीकरणाला विरोध, असे सरसकट मानणे योग्य ठरणार नाही. कर ठरल्या वेळी वाढतो, मात्र सेवा व प्रतिनिधी केव्हा मिळतील हे ठरलेले नसते. नाराजीचे मूळ येथे आहे. म्हणून अंतिम अधिसूचनेसोबत सेवांचा कालबद्ध आराखडा व निधीची तरतूद जाहीर करणे, करवाढीचा प्रत्येक टप्पा त्या आराखड्याच्या पूर्ततेशी जोडणे आणि ठरावीक मुदतीत समाविष्ट क्षेत्रात निवडणूक घेणे आवश्यक वाटते. गावाला शहराच्या हद्दीत घेणे अधिसूचनेने साधते. तेथील रहिवाशाला शहराचा नागरिक करणे मात्र त्यानंतरच्या कारभारावर अवलंबून असते.