स्पंद-रुंदी-नियंत्रित विद्युत् दाब नियामक व त्याचा ड्रायव्हर

स्पंदांची रुंदी कमीजास्त करून ज्याचा प्रदान (बाहेर मिळणारा) विद्युत् दाब ठरविला जातो, अशा इलेक्ट्रॉनीय प्रयुक्तीला स्पंद-रुंदी-नियंत्रित विद्युत् दाब नियामक म्हणतात. सूक्ष्मप्रक्रियकास लागणारा सु. १ व्होल्टचा दाब पुरविण्यासाठी तिचा उपयोग होतो. संगणकाचे सर्व भाग ताब्यात ठेवणाऱ्या मूलभूत आज्ञावलीला कर्नल आणि तिच्यातील एका विशिष्ट भागाचे काम पाहणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. या नियामकाच्या ड्रायव्हराची अडचण इतर ड्रायव्हरांहून वेगळी आहे. ज्या सूक्ष्मप्रक्रियकावर तो चालतो, त्याचाच विद्युत् दाब तो बदलत असतो. मुद्रकाला चुकीचा आदेश गेल्यास तो पुन्हा देता येतो. येथे मात्र दाब एकदा मर्यादेखाली गेला की, चूक सुधारणारी आज्ञावलीच थांबते. म्हणून या ड्रायव्हराच्या अभिकल्पात (आराखड्यात) दाब बदलण्याच्या कृतीइतकेच महत्त्व आधीचा दाब न बिघडविण्याला आहे.

औद्योगिक पार्श्वभूमी : पुण्याजवळील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात या विषयाचे महत्त्व मोटार उद्योगामुळे वाढले आहे. १९६० नंतरच्या दशकात आकुर्डी येथे बजाज ऑटो व पिंपरी येथे टेल्को (नंतरची टाटा मोटर्स) यांचे कारखाने उभे राहिले. चाकण येथे २००९ मध्ये फोक्सवागेनचा कारखाना सुरू झाला आणि पिंपरीत १९९५ पासून जुळविल्या जाणाऱ्या मर्सिडीझ-बेंझ मोटारगाड्यांची जुळणीही त्याच वर्षी चाकणला गेली. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या चेतक स्कूटरमध्ये सूक्ष्मप्रक्रियक नव्हता. त्याच नावाची, विद्युत् घटमालेवर चालणारी स्कूटर २०२० मध्ये विक्रीस आली; ती प्रथम चाकण येथे व २०२२ पासून आकुर्डी येथे तयार होऊ लागली. तिचे चलित्र, घटमाला व दर्शक फलक यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनीय मंडलांकडे आहे. भारतात २०१९ पासून नव्या बसगाड्या, टॅक्सी इ. सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थान कळविणारे साधन व आपत्कालीन कळ आवश्यक ठरली. वाहनांचे दर्शक फलक, मार्गदर्शक पडदे व अशी साधने यांत लिनक्स या कर्नलाचा वापर होऊ शकतो. आपत्कालीन कळ दाबली असता साधनातील सूक्ष्मप्रक्रियक बंद पडलेला असेल, तर त्या कळीचा उपयोग नाही. यावरून विद्युत् पुरवठ्याच्या विश्वसनीयतेचे महत्त्व ध्यानात येते.

दाब बदलण्याची गरज : सूक्ष्मप्रक्रियकाच्या स्विच-क्रियेत खर्च होणारी शक्ती कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येच्या) सम प्रमाणात व दाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते. कंप्रता तीच ठेवून दाब १·२ व्होल्टवरून ०·९ व्होल्टवर आणल्यास ही शक्ती सु. ५६ टक्के उरते. बंद पेटीत व उन्हात उभ्या राहणाऱ्या वाहनात उष्णता कमी निर्माण होणे हा मोठा लाभ होय. तथापि अधिक कंप्रतेस अधिक दाब लागतो. यामुळे वेग वाढविताना आधी दाब व मग कंप्रता वाढवितात. वेग कमी करताना आधी कंप्रता व मग दाब कमी करतात. हा क्रम उलटा झाल्यास गणनात चुका होतात किंवा यंत्रणा थांबते.

रचना व कार्य : अनेक नियामकांना अंकीय आदेश देण्यासाठी स्वतंत्र संदेशवाहिनी असते. त्याऐवजी साधा व स्वस्त नियामक घेऊन सूक्ष्मप्रक्रियकाच्या एकाच टोकाकडून त्याचा दाब बदलता येतो. या टोकावर ठराविक आवर्तकालाचे चौरस स्पंद निर्माण करतात. आवर्तकालाच्या ज्या हिश्शात स्पंद वरच्या पातळीवर असतो, त्या हिश्शाला कार्यचक्र म्हणतात. रोधक व धारित्र यांच्या छानकातून (गाळणीतून) स्पंद गेले की, कार्यचक्राच्या प्रमाणात सरासरी दाब मिळतो. हा दाब एका रोधकातून नियामकाच्या पुनःप्रदाय टोकास जोडतात. पुनःप्रदाय टोकाचा दाब स्थिर ठेवणे हे नियामकाचे काम असल्याने, बाहेरून तेथे अधिक प्रवाह आला की तो प्रदान दाब कमी करतो. म्हणून या मांडणीत कार्यचक्र वाढविले की प्रदान दाब घटतो.

उदाहरणार्थ, पुनःप्रदाय टोकाचा दाब ०·६ व्होल्ट, स्पंदाची वरची पातळी १·८ व्होल्ट, प्रदान टोक व पुनःप्रदाय टोक यांमधील रोधक १० किलोओहम, पुनःप्रदाय टोक व भूमी यांमधील रोधक १० किलोओहम आणि स्पंदाच्या मार्गातील एकूण रोध ३० किलोओहम घेतला, तर कार्यचक्र ० टक्के असताना प्रदान दाब १·४ व्होल्ट व १०० टक्के असताना ०·८ व्होल्ट मिळतो. मधले दाब सरळ रेषेत बदलतात. ५० टक्क्यांस १·१ व्होल्ट व २५ टक्क्यांस १·२५ व्होल्ट मिळतात. आवर्तकाल २५ मायक्रोसेकंद व गणित्राची कंप्रता २४ मेगॅहर्ट्‌झ असल्यास एका आवर्तकालात ६०० पायऱ्या बसतात आणि प्रत्येक पायरीने दाब १ मिलिव्होल्टने बदलतो.

छानकाची निवड तडजोडीची असते. वरील ३० किलोओहम रोधाचे १० व २० किलोओहम असे भाग करून त्यांच्या सांध्यावर ०·१ मायक्रोफॅराडचे धारित्र जोडल्यास प्रदान दाबावरील तरंग सु. ६ मिलिव्होल्ट राहतो. परंतु नवा दाब स्थिर होण्यास सु. ३ मिलिसेकंद लागतात. धारित्र दहा पटींनी लहान केल्यास हा काल सु. ०·३ मिलिसेकंद होतो, पण तरंग दहा पटींच्या आसपास वाढतो. स्थिर होण्याचा काल ड्रायव्हराला माहीत असणे आवश्यक आहे. अन्यथा दाब पोहोचण्यापूर्वीच कंप्रता वाढविली जाते.

कर्नलातील व्यवस्था : लिनक्समध्ये नियामकांसाठी समाईक चौकट २००८ मध्ये (आवृत्ती २·६·२७) आली. स्पंद-रुंदी-नियंत्रणाची समाईक चौकट २०१२ मध्ये आणि या दोन्हींना जोडणारा ड्रायव्हर २०१४ मध्ये समाविष्ट झाला. रॉकचिप कंपनीच्या सूक्ष्मप्रक्रियकांवर आधारलेल्या क्रोमबुक या लहान संगणकांत त्याचा उपयोग झाला. ड्रायव्हर वरून दाबाची मागणी स्वीकारतो, तिचे कार्यचक्रात रूपांतर करतो व स्पंद निर्माण करणाऱ्या ड्रायव्हराकडे ते सोपवितो. कोणत्या मंडलात कोणते टोक, किती आवर्तकाल, किमान व कमाल दाब किती, ही माहिती ड्रायव्हरात न लिहिता मंडलाच्या वेगळ्या वर्णनपत्रात देतात. त्यामुळे एकच ड्रायव्हर अनेक मंडलांस चालतो. रूपांतर दोन प्रकारे करतात : (१) प्रत्यक्ष मोजलेले दाब व त्यांची कार्यचक्रे यांचे कोष्टक देणे, (२) दोन टोकांचे दाब देऊन मधले दाब गणिताने काढणे. पहिल्या प्रकारात पायऱ्या मोजक्या असतात. दुसऱ्यात त्या पुष्कळ मिळतात, पण रोधकांच्या मूल्यांतील फरकाचा परिणाम अभिकल्पकाला गृहीत धरावा लागतो. स्पंद निर्माण करणारा ड्रायव्हर अद्याप तयार नसल्यास नियामकाच्या ड्रायव्हराने अपयश न मानता नंतर पुन्हा प्रयत्न करावयाचा असतो.

आरंभीची स्थिती : कर्नल सुरू होण्यापूर्वी बूटलोडर ही छोटी आज्ञावली चालते व ती बहुधा एक दाब ठरवून ठेवते. समजा, तिने २५ मायक्रोसेकंदांच्या आवर्तकालात १२·५ मायक्रोसेकंदांचा स्पंद ठेवला. प्रदान दाब १·१ व्होल्ट आहे. कर्नलाच्या वर्णनपत्रात मात्र आवर्तकाल २० मायक्रोसेकंद आहे. ड्रायव्हराने स्पंदाची रुंदी तशीच ठेवून आवर्तकाल तेवढा बदलला, तर कार्यचक्र ६२·५ टक्के होऊन दाब १·०२५ व्होल्टवर उतरतो. त्या क्षणीच्या कंप्रतेस १·०५ व्होल्ट लागत असतील, तर यंत्रणा कोणताही संदेश न देता थांबते आणि दोष शोधणाऱ्यास काही सुगावा उरत नाही. म्हणून कालावधी नव्हे, तर कार्यचक्राचे गुणोत्तर जपावे लागते.

२०१६ पूर्वी लिनक्समध्ये आवर्तकाल व रुंदी, ध्रुवता (स्पंदाची सुलट वा उलट दिशा) आणि चालू-बंद स्थिती यांसाठी वेगवेगळे आदेश होते. दोन आदेशांच्या मधल्या क्षणी अनपेक्षित दाब येण्याचा धोका असे. यंत्रणेतील आधीची स्थिती वाचून घेण्याची सोयही नव्हती. त्या वर्षी (आवृत्ती ४·७) या सर्व गोष्टींची मिळून एक अवस्था मानण्याची पद्धत आली. ड्रायव्हर आता प्रथम यंत्रणेतील अवस्था वाचतो, तिचे गुणोत्तर नव्या आवर्तकालास लावतो व संपूर्ण अवस्था एकाच आदेशाने देतो.

‘बंद’ या स्थितीचा अर्थही काळजीपूर्वक ठरवावा लागतो. वरील उदाहरणात स्पंदाचे टोक बंद होऊन खालच्या पातळीस राहिले, तर दाब १·४ व्होल्ट होतो. ते मोकळे सुटले, तर १·२ व्होल्ट होतो. वरच्या पातळीस राहिले, तर ०·८ व्होल्ट होतो. कोणती स्थिती येईल, हे सूक्ष्मप्रक्रियकाच्या रचनेवर अवलंबून असते. यास्तव मंडल चालू होताना टोक मोकळे असले, तरी मिळणारा दाब सुरक्षित असेल, अशी रोधकांची मूल्ये निवडणे हा अभिकल्पाचा आवश्यक भाग होय. आज्ञावली ही उणीव भरून काढू शकत नाही, कारण त्या वेळी ती सुरूच झालेली नसते.

वाहनांतील विशेष अटी : १२ व्होल्टच्या घटमालेचा दाब एंजिन सुरू करताना ६ व्होल्टपर्यंत किंवा त्याखालीही उतरू शकतो, तर घटमालेची जोडणी अकस्मात तुटल्यास प्रत्यावर्तित्राकडून (वाहनातील विद्युत् जनित्राकडून) बराच उच्च दाब येतो. हे धक्के आधीच्या परिवर्तकाने सोसावयाचे असतात. त्यांचा परिणाम स्पंदांच्या पातळीवर होऊ देता कामा नये, कारण १·८ व्होल्टची ती पातळी बदलली की कार्यचक्र तेच असूनही प्रदान दाब बदलतो. वाहन उभे असताना साधन निद्रित करतात व स्पंद थांबतात. जागे होताना कंप्रता वाढविण्यापूर्वी स्पंद पूर्ववत करणे, हे ड्रायव्हराचे काम असते.

परीक्षण : वाहनांची व त्यांच्या भागांची चाचणी करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ मध्ये पुणे येथे स्थापन झाली. वाहनांतील इलेक्ट्रॉनीय साधने विद्युत् पुरवठ्यातील विक्षोभ (अडथळे), कंपन व उष्णता यांच्या कसोट्यांतून जावी लागतात. या नियामकाची पारख करताना केवळ स्थिर दाब मोजून भागत नाही. दोलनदर्शकावर बूटलोडरकडून कर्नलाकडे ताबा जाण्याचा क्षण, निद्रेतून जागे होण्याचा क्षण व पुनरारंभाचा क्षण, अशा तिन्ही वेळी दाबाचा आलेख पाहावा लागतो. ताबा एका आज्ञावलीकडून दुसरीकडे जातो त्याच क्षणी या रचनेतील दोष बहुधा उघड होतात.